भेग मोजायला येणारा

सकाळी सात वाजता दारावर थाप पडली, तेव्हा मी तीच कॉफी तिसऱ्यांदा गरम करत होते.

दारात एक उंच माणूस. बुटांना चिखल, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, आणि चेहऱ्यावर भलत्याच घरी आल्यासारखा संकोच.

"माफ करा... भिंत बघायची होती."

"काय?"

"भिंत. स्वयंपाकघरातली. फ्रीजमागची."

"भिंत बघायला कुणी इतक्या सकाळी येतं?"

"भिंत कधी तक्रार करत नाही," तो म्हणाला. "माणसंच करतात."

हसावं की दार लावून घ्यावं, हे ठरेपर्यंत शेजारच्या खोलीतून मावशींचा आवाज आला, "अगं, येऊ दे त्याला! मोजणीवाला आहे तो!"

मावशी म्हणजे मालकीणबाई. हे कॉटेज त्यांच्या नवऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. पुढच्या दारात समुद्र, मागच्या दारात डोंगर. ते गेल्यावर मावशींनी एक खुर्चीसुद्धा हलवली नाही. गोल कोपऱ्यांचा पोपटी फ्रीज, तबकडीचा फोन, लाकडी पेटीतला रेडिओ, पडद्यांवर थाळीएवढे नारिंगी गोळे. अशा जुन्या घरात राहायला आता लोक मुद्दाम येतात. मला ताईने पाठवलं होतं. "आठ दिवस जा. मोबाइल लागत नाही, कुणी ओळखीचं नाही. डोकं शांत होईल तुझं."

डोकं कसलं शांत होतंय! पायाला भिंगरी लागल्यासारखी मी या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होते. रविवारी वकील येणार होता. वकील म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो. तीन वर्षांपूर्वी जमलेलं ते लग्न मी दोन महिन्यांपूर्वी थांबवलं होतं, आणि का थांबवलं ते कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. घरचे म्हणत होते, इतका चांगला मुलगा! वकील म्हणत होता, "शांतपणे विचार कर, रविवारी हो म्हण."

मोजणीवाल्याने फ्रीज अलगद बाजूला सरकवला. भिंतीत वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दोन बारके खिळे. त्यांच्यातलं अंतर त्याने पुन्हा पुन्हा मोजलं आणि वहीत लिहिलं.

"वाढली का?"

"अर्धा मिलिमीटर."

"एवढ्यासाठी मला उठवलंत?"

"तुम्ही झोपला नव्हतात. कॉफी करपल्याचा वास फाटकापर्यंत येतोय." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "मागचा डोंगर सरकतोय का, ते बघतोय आम्ही. डोंगराच्या मानाने अर्धा मिलिमीटर म्हणजे धावणंच."

दुसऱ्या दिवशी मी सहालाच उठून बसले. केस दोनदा विंचरले — आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा विस्कटले.

त्याने माप घेतलं. या वेळी पाऊण मिलिमीटर. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मी कॉफी पुढे केली, न करपलेली.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं. "म्हणजे, एका जागी पाच मिनिटं न बसण्याव्यतिरिक्त?"

"कान तपासते. इस्पितळात. दिवसभर बंद खोलीत बसून लोकांना विचारायचं, ऐकू आलं का?"

"माझे तपासा ना. यंत्रांच्या आवाजात दहा वर्षं गेलीत."

"यंत्र नाहीये इथे."

"मग?"

"मग जुनी पद्धत. पाठ करून उभे राहा. मी कुजबुजेन, तुम्ही तोच शब्द म्हणायचा."

तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी हातभर अंतरावर. त्याच्या सदऱ्याला ओल्या मातीचा वास होता...

"जहाज," मी कुजबुजले.

"जहाज."

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस. बरोबर?"

"बोलू नका मध्ये. — वारा."

"वारा."

मग मला काय झालं कोण जाणे. मी अगदी हळू, जवळजवळ नुसत्या श्वासाने म्हटलं, "उद्या जरा लवकर या."

तो गप्प. मानेवरचा त्याचा रंग मात्र बदलत गेला.

"ऐकू आलं नाही?" मी विचारलं.

"आलं," तो न वळता म्हणाला. "तेच म्हणायचं होतं ना? पण मी तुम्हाला लवकर या कसं म्हणू... तुम्ही तर इथेच आहात."

मी इतकी मोठ्याने हसले की मावशी डोकावून गेल्या. जाताना त्याने फोनच्या तबकडीत एक चिठ्ठी खोचली, त्याच्या कामाच्या तळावरचा फोन नंबर. "भिंतीबद्दल काहीही वाटलं, तर फिरवा."

"भिंतीबद्दलच?"

"सुरुवात भिंतीपासून करू," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पावसाची झड लागलेली. केस टपटपत होते, हसू कुठेच नव्हतं. घाईघाईने माप घेतलं, "येतो," म्हणाला आणि दारात थबकला. काही सांगायचं होतं त्याला. सांगितलं नाही. मी सकाळभर त्या न सांगितलेल्या वाक्याभोवती फिरत राहिले.

दुपारी बारानंतर मला तो आवाज ऐकू आला.

टक्.

भिंतीच्या आतून. बोटं मोडल्यासारखा, पण जाड गादीखाली. मी रेडिओ बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा... टक्. मग सात मिनिटांनी. तेवढ्यात फोन खणखणला. वकील होता, रविवारी किती वाजता निघू विचारायला.

"ऐक ना," मी म्हटलं, "भिंतीतून आवाज येतोय."

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" तो प्रेमानेच म्हणाला. तो नेहमी प्रेमानेच म्हणायचा. "जुनं घर, पाऊस... भास गं. झोप जरा."

लिफ्टचा आवाज बदललाय म्हटलं, तर भास. त्याच्या आवाजातला कंटाळा ऐकू आला, तर तोही भास. माझा पोटापाण्याचा धंदाच ऐकण्याचा, पण त्याच्याशी बोलून झालं की मला माझेच कान परक्याचे वाटायचे. लग्न का थांबवलं, ते त्या क्षणी मला कळलं. मी फोन ठेवला. चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

"मी बोलतेय. भिंतीतून आवाज येतोय."

"कसला?" त्याने लगेच विचारलं. "सुका की घसरल्यासारखा?"

"सुका. टक् असा. आधी दहा मिनिटांनी यायचा, मग सात, आत्ता चार."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"बाहेर पडा. सामान घेऊ नका. मावशींना घ्या आणि पुढच्या दाराने समुद्राच्या बाजूला जा. मी निघालो."

"पण तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत..."

"तुम्ही ऐकलंत ना? झालं तर मग."

मावशी ऐकेनात. पलंगावर मांडी ठोकून बसल्या. "पन्नास वर्षं उभं आहे घर. तुम्ही पोरं आज आलात!"

"मावशी, तुम्ही नाही आलात तर मीही इथेच बसते," मी म्हटलं आणि खरोखरच त्यांच्याशेजारी बसले. टक्. या वेळी त्यांनीही ऐकलं. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याचा फोटो खिळ्यावरून काढून पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ. बसलीस काय?"

आम्ही वाळूपर्यंत पोचलो तेव्हा त्याची जीप फाटकाशी थांबली. तो धावत आमच्यापर्यंत आला, आणि त्याच्या मागे डोंगराने जणू खांदा उतरवला. मोठा आवाजही नाही झाला. लाल चिखल, झाडं, दगड... सगळं सावकाश खाली आलं आणि स्वयंपाकघर आत घेऊन थांबलं. पुढची खोली तेवढी उभी राहिली. पडद्यांवरचे नारिंगी गोळे वाऱ्यावर हलत होते.

मावशींनी पदराखालचा फोटो बाहेर काढला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंत? म्हणत होते ना, स्वयंपाकघर पुढच्या बाजूला घ्या!" आणि मग रडल्या. मी त्यांना धरून उभी राहिले.

संध्याकाळी मावशींना त्यांच्या बहिणीकडे पोचवलं आणि मीही तिथेच राहिले. मोजणीवाला त्या अंगणात भिजत उभा होता, घरात यायला तयार नव्हता.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "घर रिकामं करा, असा अहवाल काल सकाळीच द्यायला हवा होता. पाऊण मिलिमीटर बघितल्यावरच. मी म्हटलं, अजून एक माप घेऊ... स्वतःला तसंच पटवलं. पण खरं कारण ते नव्हतं."

"मग कुठलं?"

"अहवाल दिला असता तर तुम्ही कालच निघून गेला असता."

माझ्या अंगाची आग झाली. "आम्ही दोघी होतो तिथे! तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय. साहेबांना आत्ता तसंच लिहून दिलंय, एक दिवस उशीर माझ्यामुळे झाला म्हणून. काय करायचं ते ते करतील. तुम्हालाही काय करायचं असेल ते..."

मला इतका राग आला होता की मी दार लावून घेतलं. मग त्याच बंद दाराला टेकून उभी राहिले. खोटं बोलता आलं असतं त्याला. कुणाला कळलंही नसतं.

वकिलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. "येऊ नकोस," म्हटलं. "नाही म्हणतेय मी." तो म्हणाला, तू घाबरली आहेस. म्हटलं, "हो, घाबरले होते. म्हणूनच वाचले."

पुढचे चार दिवस मी मावशींचं उरलेलं सामान बाहेर काढायला मदत केली. मोजणीवालाही यायचा. आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचो. "हे धरा." "सांभाळून." रेडिओची पेटी उचलताना माझं बोट चिमटलं तर त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त वेडावाकडा झाला, आणि माझा राग तिथेच कुठेतरी पडला. तो शोधायला मी गेले नाही.

निघायच्या दिवशी त्याने मला बसपर्यंत सोडलं. त्याची बदली झाली होती, दुसऱ्या डोंगरावर. शिक्षाच, पण नोकरी राहिली होती.

"किती लांब?" मी विचारलं.

"तुमच्या गावापासून पाच तास."

"रविवारी मला सुट्टी असते."

बसचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. मी पायरीवर चढले, पुन्हा एक पाय खाली टाकला... जायचं होतं, आणि जायचं नव्हतं.

"येऊ का मग?" त्याने विचारलं. "खरंच विचारतोय. नको असेल तर तसं सांगा."

बस हलली. मी दांड्याला धरून बाहेर वाकले आणि सगळी बस ऐकेल अशा आवाजात म्हटलं,

"ये!"