निळ्या पेटीतला फोटो

सात रस्त्याच्या ऐन चौकात, मार्चमधल्या दुपारी तीनच्या उन्हात, एक सोळा वर्षांची मुलगी रस्त्यावर मांडी घालून बसली होती आणि जिवाच्या आकांतानं किंचाळत होती. रिक्षावाल्यानं रोजचा रस्ता सोडून दुसरा धरला, एवढंच निमित्त. तिचा भाऊ पुढं उभा राहून गाड्यांना हात दाखवत होता. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी असणार. कुणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं.

दानेश्वरीनं स्कूटी कडेला लावली, ओढणी कमरेला बांधली आणि त्या मुलीशेजारी जाऊन तीही मांडी घालून बसली. बोलली नाही, हात लावला नाही. नुसती बसली.

"मॅडम, उठा की... डांबर तापलंय," भाऊ घाबराघुबरा होऊन म्हणाला.

"ती उठली की मी उठते."

"ती तास-तास उठत न्हाय."

"मग तुम्ही सावली तरी करा. जरा अलीकडं सरका — हं, असं."

तो उभा राहिला. ऊन पाठीवर घेऊन, सावली दोघींवर पडेल असा बोट-बोट सरकत. वीस मिनिटांनी मुलगी गप्प झाली. दानेश्वरीनं मान वर केली तर तो तिच्याकडेच बघत होता. चोरी पकडल्यासारखा तो एकदम गाड्यांकडे बघायला लागला.

त्याचं नाव गुरुशांत. चिंचोळी एमआयडीसीत लेथ मशीनवर काम करायचा. वडील कल्लप्पा लवकर गेले, आई ईरम्मा गेल्या दिवाळीत गेली, आणि बहीण राजनंदिनी एकट्या त्याच्या पदरात आली. नंदीला बोलता येत नव्हतं. दिवसात काही अचानक बदललं, की तिच्यासाठी सगळं जगच कोसळायचं.

दानेश्वरी अशाच मुलांच्या शाळेत शिकवायची. जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये भरणारी, चाळीस मुलांची शाळा. नंदीही आता तिथंच जायला लागली. तिथं प्रत्येकाची कापडी पट्टी भिंतीवर टांगलेली असे. पट्टीवर दिवसभराची चित्रं ओळीनं चिकटवलेली : रिक्षा, प्रार्थना, मणी ओवणं, जेवण, घर. एक गोष्ट झाली की मुलानं ते चित्र काढायचं आणि खालच्या निळ्या पेटीत टाकायचं. संपलं. मग पुढचं. आणि काही नवं घडणार असेल, तर आदल्या दिवशी त्याचं चित्र लावायचंच, हा शाळेचा पहिला नियम. "न सांगता काही करायचं नाही," दानेश्वरी प्रत्येक पालकाला बजावायची.

घरच्या पट्टीसाठी तिनं गुरुशांतकडे त्याचा फोटो मागितला. त्यानं कारखान्याच्या ओळखपत्राचा आणून दिला. शाळेतल्या मावशी फुलाबाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यो भाऊ हाय का फौजदार? पोरगी भिऊन पळंल की!"

मग दानेश्वरीनंच मोबाइल काढला. "हसा बघू, दादा."

"मला दादा म्हणू नका की."

"का? नंदिनीचे दादा आहात ना तुम्ही?"

"नंदीचा हाय," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "...तुमचा न्हाय."

नेमका तेवढ्यात फोटो निघाला. अर्धवट हसणारा, लाजलेला. दानेश्वरीनं त्याच्या दोन प्रती काढल्या. एक पट्टीवर गेली. दुसरी टेबलाच्या खणात, हजेरीपटाखाली गेली.

दोन वर्षं तशी गेली. पहिली पाळी करून तो चारला नंदीला न्यायला यायचा. कधी चाकाच्या खुर्चीचं करकरणं बंद करून द्यायचा, कधी मुलांना फळीत खोचायला लेथवर गुळगुळीत खुंट्या करून आणायचा. ती त्याला डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं करायची.

"लई तिखट हाय."

"मग खाता कशाला?"

"तुमी देताय म्हणून..."

फाटकापाशी उभ्या उभ्या होणारं एवढंच बोलणं. पण चारच्या आधी दानेश्वरी केस नीट करायला लागली, हे फुलाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"लग्न का नाही केलंत?" एकदा तिनं विचारलं.

"स्थळं येत्यात. नंदीला बघत्यात. चहा अर्धा ठेवून उठत्यात," तो हसत म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिच्याही घरी येणारी स्थळं 'तसली शाळा सोडणार का' एवढंच विचारून जात होती.

फेब्रुवारीत नंदीला अठरा पूर्ण झाली. अठरा झाली की पटावरून नाव काढायचं, शाळेला तेवढीच परवानगी. पुढं कुठं? अठरापुढच्या अशा मुलांना काम शिकवणाऱ्या दोन कर्मशाळांत दानेश्वरीनं विचारलं. एका ठिकाणी जागा नव्हती. दुसरीकडं स्वतःचं स्वतः सगळं करता येणारीच मुलं घ्यायचे. गुरुशांतनं तीनदा विचारलं, "मॅडम, शाळा संपणार, हे तिला सांगितलं का?"

"सांगते," ती तीनदा म्हणाली.

शाळेच्या बंद फाटकाचं चित्र तिनं तयार केलं होतं. तीन आठवडे ते तिच्या पर्समध्ये होतं. रोज सकाळी ती ते बाहेर काढायची... आणि परत ठेवायची. शेवटच्या दिवशीही नंदीनं 'घर' पेटीत टाकलं, रोजच्यासारखं. उद्याच्या पट्टीवर काय लावू, म्हणून दानेश्वरीकडं बघत उभी राहिली. दानेश्वरीनं तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी, तिच्यावर लक्ष ठेवणारी शेजारीण पाण्याला गेलेली बघून नंदी घराबाहेर पडली. पाठीला दप्तर, पायात चप्पल नाही. ती शाळेकडेच निघाली होती. वाटेत एका टेम्पोनं तिला उडवलं.

जीव वाचला. डाव्या पायात सळई घातली. ती आता कायमची लंगडणार होती. दवाखान्याच्या जिन्यात गुरुशांतनं दानेश्वरीला अडवलं. आवाज चढवला नाही.

"तुमी सांगितलं न्हाय तिला," एवढंच म्हणाला आणि वर निघून गेला.

त्यानंतर दोन महिने तिनं शाळा केली, पण चार वाजले की तिला फाटकाकडं बघवत नसे. एक दिवस फुलाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाई, त्यो कामाला जाताना तिला आत ठिवून भाईरनं कुलूप लावतोय. शेजारीण खिडकीतनं ताट देती. काय करंल बिचारा? नोकरी सोडून बसंल?"

त्या दुपारी दानेश्वरी अर्धी रजा टाकून त्याच्या घरी गेली. दाराला खरंच कुलूप होतं, नवंकोरं. आतून संथ, एकसारखा आवाज येत होता — नंदी पुढं-मागं झुलत भिंतीवर डोकं आपटत असणार. दानेश्वरीनं खिडकीच्या गजातून हात आत घातला. आवाज क्षणभर थांबला. हात कुणी धरला नाही. आवाज पुन्हा सुरू झाला.

ती पायरीवर बसली. ऊन पायांवरून सरकत भिंतीवर चढलं, तरी बसून राहिली. चारला गुरुशांत आला. तिला बघून त्याच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"काय काम होतं?"

"तुम्हाला एक दाखवायचं होतं." तिनं पर्समधून बंद फाटकाचं चित्र काढलं. कडा झिजल्या होत्या. "मी विसरले नव्हते. ते लावायचं म्हणजे नंदिनीचं येणं संपलं हे मान्य करायचं... आणि तुमचंही. माझ्यानं ते होत नव्हतं. माझ्या त्या... त्या मोहापायी तिचा पाय अधू झाला. हे सांगितल्याशिवाय मला राहवेना."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, मध्ये एक हात अंतर ठेवून.

"मलाबी ठाऊक होतं," तो म्हणाला. "चित्र लावलं न्हाय, हे रोज दिसत हुतं मला. घरची पट्टी माझ्याच हातात हुती की. मी तरी कुटं लावलं?" त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "जिन्यात तुमाला बोललो... ते मलाच बोलायचं हुतं."

आत तो आवाज चालूच होता.

"मी शाळेत राजीनामा दिलाय," दानेश्वरी म्हणाली. "महिनाअखेर सुटेन, उद्यापासून तोवर उरलेली रजा घेतेय. अठरा झालेल्या आणि घरात कोंडलेल्या सहा मुली मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी काहीतरी उभं करायचंय. जागा नाही, परवानगी नाही, काहीच नाही. म्हटलं, एकीपासून सुरुवात करावी. इथं. तुमची पाळी सुरू व्हायच्या आधी यायचं, तुम्ही आलात की जायचं."

"माझ्यासाठी नोकरी सोडली?"

"तुमच्यासाठी नाही." ती थांबली. "...थोडी तुमच्यासाठी."

त्यानं उठून कुलूप काढलं. नंदी कोपऱ्यात बसली होती. कपाळावर एक काळा डाग पडला होता. भिंतीवर पट्टी तशीच, खाली निळी पेटी. दानेश्वरी तिच्यापासून थोड्या अंतरावर मांडी घालून बसली, सात रस्त्याला बसली होती तशी. मग पर्समधून स्वतःचा एक छोटा फोटो काढून तिच्यापुढं ठेवला. पट्टीवर लाव, अशी खूण केली.

नंदीनं फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग पाय ओढत ती पेटीपाशी गेली आणि तिनं तो आत टाकला.

संपलं.

दानेश्वरीनं ओठ घट्ट मिटले. पट्टीवर मूल खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती उठली, ओढणी सावरली, दारापर्यंत आली.

"मॅडम." गुरुशांत दारात आडवा उभा होता. "पेटी रोज सकाळी रिकामी करायची. पट्टी परत पहिल्यापासून लावायची. तुमीच शिकवलंय की."

"ती परत टाकेल पेटीत."

"टाकू द्या. मी परत काढंन." त्यानं किल्ली खिशात टाकली. "माझी कंपनीची गाडी सकाळी सहाला असती. साडेपाचला याल?"

"उद्या?"

"रोज," तो म्हणाला. मग खाली बघत, तोच फोटोतला चेहरा करून, "...आणि मग एक दिवस, परत जायचंच न्हाय, असं बघा की. नंदीला सांगायला त्याचं चित्र मात्र महिनाभर आधी लावू."

मागं नंदी पेटीशेजारी बसली होती. ती आता झुलत नव्हती.

दानेश्वरीनं त्याच्या हातातलं ते नवंकोरं कुलूप घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं, बंद फाटकाच्या चित्राशेजारी.

"साडेपाचला," ती म्हणाली. "चहा ठेवा. आणि अर्धा नको, पूर्ण कप."