ओढरोपण

सकाळी साडेसात वाजता सावरघळ गावातला शोध थांबवण्यात आला. भूकंपात गाडलेल्यांपैकी फक्त शाळेचा शिपाई दगडू गावित सापडला नव्हता. यंत्रं परतीला लागली. शोधकुत्री भिंगरी मात्र तिथून हटली नाही. कोसळलेल्या शाळेच्या ढिगाऱ्यावर नाक टेकवत ती फिरत राहिली.

प्रशिक्षक रुक्साना शिकलगारने तिला पिल्लू असताना निवडलं होतं. गवतात चेंडू लपवला, तेव्हा बाकीची पिल्लं कंटाळून परतली. ही अंधार पडेपर्यंत शोधत होती. पूर्वीचे शोधश्वान तसल्या चेंडूच्या बक्षिसासाठीच काम करत, आणि थकत. आता ओढरोपण आलं होतं. कुत्र्याच्या मेंदूत मालकाचा वास जिथे जपलेला असतो, तिथे बेपत्ता माणसाचा वास विद्युतसंकेतांनी बसवायचा. मग कुत्रा परक्याला शोधत नाही, आपल्या हरवलेल्या मालकाला शोधतो. माणूस सापडला की ओढ विरते आणि खरा मालक पुन्हा आठवतो.

"सर, काढा आता ती गावितची ओढ," रुक्साना म्हणाली. "पोरीने कालपासून भाकरीला तोंड लावलेलं नाही."

हे तंत्र डॉ. निनाद पोतदारांचं. त्यांनी टॅब्लेट बंद केला. "बाहेरून काढता येत नाही. सापडल्यावरच जाते."

"आणि सापडलाच नाही तर?"

"चाचण्यांमध्ये तशी वेळ कधी आली नाही."

"येईल कशी? कुत्रं हिरमुसायला नको म्हणून शेवटी आम्ही जिवंत माणूस लपवतोच. तुम्ही शंभर टक्के यश म्हणून पेढे वाटलेत ना, त्यातल्या निम्म्या वेळा बिळात मी होते."

रुक्सानाने हेल्मेट काढून पोतदारांच्या हातात दिलं.

"कुठे निघालात?"

"लपायला."

"तिला गावित हवाय, मॅडम. तुम्ही नाही."

"ठाऊक आहे. पण आठ वर्षं माझ्या पायाशी झोपलीय ती."

दोन स्लॅबमधल्या फटीत ती सरपटत शिरली आणि सरावातल्यासारखी गप्प पडून राहिली. थोड्या वेळाने भिंगरीचं नाक आत आलं. तिने रुक्सानाचा तळहात हुंगला, मनगट हुंगलं. शेपटी हलली नाही. वाटेत कुणी अनोळखी आडवं आल्यावर वळावं तशी ती वळली आणि निघून गेली.

दुपारी शेवटचा ट्रक सुटला, तेव्हा भिंगरी पलीकडच्या बाजूला उकरत होती. पोतदारांनी फटीत वाकून दोनदा हाका मारल्या. रुक्साना बाहेर आली नाही; भिंगरी परत येऊन आपल्याला शोधेल म्हणून ती तशीच लपून होती.