दोराचं दुसरं टोक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसलो होतो. पण जिच्यासोबत हे घडलं ती माझी आतेबहीण आहे, आणि उगाच काहीतरी रचून सांगणाऱ्यांतली ती नाही.

शिवाय रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार. सकाळचे अकरा. लख्ख ऊन. शहराच्या अग्निशमन दलाचं प्रशिक्षण मैदान, आणि मैदानावर बावीस धडधाकट माणसं. भुतानेही यायच्या आधी दोनदा विचार करावा अशी जागा.

तरीही ते घडलं.

भरती झाली तेव्हा बरोबरच्यांनी तिचं नाव ‘काडी’ ठेवलं, अंगाने तशीच आहे म्हणून. आग विझवणाऱ्यांत काडी! पहिले पंधरा दिवस सगळे यावर पोट धरून हसले. मग एक दिवस तिने तुकडीतल्या सगळ्यांत वजनदार जाड्याला खांद्यावर घेऊन चार मजले उतरवलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

ती तिथे का आली होती, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

तिचा थोरला भाऊ, आमचा दादा, याच दलात होता. ती भरती झाली त्याच्या अकरा वर्षं आधी एका फर्निचरच्या गोदामाला आग लागली. दादा तळघरात शिरला तो परत आलाच नाही. तेविसाव्या वर्षी गेला. साहेब घरी आले आणि म्हणाले, छत कोसळलं, क्षणात सगळं संपलं, त्याला काही कळलंसुद्धा नाही. आत्याने ते एवढं वाक्य उराशी धरलं आणि त्यावर अकरा वर्षं काढली.

काडीला ते कधीच पटलं नाही.

धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो. त्या दोराचं दुसरं टोक दाराशी कोणाच्या तरी हातात असतं. मग त्या दिवशी ते कोणाच्या हातात होतं? त्याने काय केलं? पळाला का तो, दादाला आत सोडून?

हे शोधायला ती भरती झाली होती. आत्याला सांगितलं, नोकरी पक्की आहे म्हणून.

दोराची भाषा तिला आठव्या वर्षापासून येत होती. दादा तेव्हा स्वतःच्या परीक्षेची तयारी करायचा. डोळ्यांना टॉवेल बांधायचा, कमरेला कपडे वाळत घालायची दोरी, आणि रांगत पलंगाखाली जायचा. दाराशी दोरी धरून ही. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे परत येतोय. चार म्हणजे अडकलोय, मदत पाठवा. दादाचा चौथा झटका लांब असायचा. ओढला की तो धरूनच ठेवायचा.

एकदा ही नेमकी गोष्टीच्या पुस्तकात गुंग.

“अगं ए शहाणे! चारदा ओढलं मी. झोपलीस का?”

“मला कळलं होतं की.”

“तुला कळून काय उपयोग? मला कळायला नको? जितके झटके येतील तितके परत द्यायचे. नाहीतर आतल्या माणसाला समजणार कसं, बाहेर कोणी आहे म्हणून?”

त्या मंगळवारी धुराच्या खोलीची परीक्षा होती. खोली म्हणजे सिमेंटचा बिनखिडक्यांचा लांबट ठोकळा. आत आडव्यातिडव्या भिंती, पालथी कपाटं, मोडके पलंग. यंत्राने धूर सोडायचा आणि त्यातून चाचपडत माणसाएवढा बाहुला शोधून आणायचा. आग नसते. धूर थंड असतो. जोडीतला एक आत, दुसरा दोर धरून दाराशी.

दोर मास्तर स्वतः द्यायचे. मास्तर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. बसका आवाज, कडक शिस्त, निवृत्तीला महिना राहिलेला. त्यांच्या कपाटात एक जुना दोर होता, एका टोकाला काळा पडलेला. परीक्षेला दरवर्षी तोच निघायचा. नवे दोर असताना हाच का, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

जाड्या आत गेला. काडी दाराशी उभी राहिली.

एक झटका. तिने एक परत दिला.

दोन झटके. तिने दोन परत दिले आणि दोर सैल सोडला.

मग काही नाही.

बराच वेळ काहीच नाही...

आणि मागच्या दाराने जाड्या खोकत बाहेर आला. दोराशिवाय.

“सर, दोर वळणावर अडकला होता. पुढे सरकताच येईना. मग मी... कमरेचा हूक काढला.”

“हूक काढला?” मास्तर असे ओरडले की मैदान चिडीचूप झालं. “खरी आग असती तर आज तुझा फोटो लागला असता भिंतीवर! दोर म्हणजे घरी यायची वाट असते, गाढवा!”

सगळे जाड्याकडे बघत होते. काडीसुद्धा. दोर तिच्या हातात तसाच राहिला होता.

आणि...

दोर हलला.

तिला वाटलं, आपलाच हात थरथरला. तिने पाय रोवले.

एक.

दोन.

तीन.

थांबून चौथा... लांब. ओढून धरलेला.

तिने मान वळवून माणसं मोजली. मास्तर आणि बरोबरचे धरून बावीस. बावीसच्या बावीस उन्हात उभे.

आत कोणी नव्हतं.

पुन्हा चार. चौथा लांब.

घाई नव्हती त्या झटक्यांत. राग नव्हता. ओढणारा दमलेला होता. खूप वेळ ओढत असल्यासारखा. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही, आणखी एकदा बघू म्हणून ओढणारा.

तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

तिने दोर दोन्ही हातांत घट्ट धरला. आणि उत्तर दिलं.

चार झटके.

क्षणभर काही नाही...

मग दोर हलकेच ताणला गेला आणि तसाच राहिला. लहान मुलाने बोट धरून ठेवावं तसं कोणीतरी तो धरून होतं. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही.

मग तो सैल पडला.

तिने भराभर दोर ओढून घेतला. तो कुठेही अडकला नाही. शेवटी हूक हातात आला, आणि तिने किंचाळून तो टाकून दिला.

हूक तापून लाल व्हायचा तेवढा बाकी होता. त्या थंड धुरातून आलेला हूक.

मास्तरांनी तिच्या तळहातावरचा फोड पाहिला. सगळ्यांना चहाला पिटाळलं. मग जवळ आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोणी ओढलं?”

तिने जमिनीवर पडलेल्या दोराकडे बघितलं.

“काडी, तू त्याची बहीण आहेस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आडनाव वाचता येतं मला.” त्यांनी दोर उचलला. “हा त्याचाच. त्या दिवशी हे टोक माझ्या हातात होतं.”

अकरा वर्षं जो प्रश्न घेऊन ती जगली होती, त्याचं उत्तर समोर उभं होतं. पायांत जुने बूट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“चौदा मिनिटं मी उभा होतो गं. एक झटका आला नाही. मी ओढून पाहिलं, पलीकडून काही नाही. साहेबांनी बाहेर हो म्हणून हुकूम दिला. मला दोघांनी धरून काढलं, आणि मग छत आलं. राख उपसल्यावर कळलं, दोर वळणावर एका लोखंडी कपाटाखाली दबला होता. त्याने ओढलं असतं तरी माझ्यापर्यंत पोचलं नसतं.” त्यांचा आवाज फाटला. “ओढलं होतं का त्याने? मला एवढंच कळायला हवंय. दरवर्षी हा दोर काढतो मी. दरवर्षी दाराशी उभ्या पोरांचे हात बघत बसतो. आज तुझे हात हलले. सांग मला. किती वेळा?”

याच माणसाला जाब विचारायला ती आली होती. काय काय बोलायचं, ते पाठ करून ठेवलं होतं तिने. त्यातलं एक अक्षरही तिला आठवेना.

“एकदा,” ती म्हणाली. “एकदाच, सर. ठीक आहे म्हणून.”

मास्तर पायरीवर बसले आणि दोर मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. तिच्या तळहाताकडे मात्र त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. महिन्याभराने ते निवृत्त झाले. जाताना तो दोर घरी घेऊन गेले.

काडी परीक्षा पास झाली. दीड वर्ष झालं, ती कामावर आहे. वरिष्ठ तिचं कौतुक करतात. म्हणतात, धुरात शिरायला ही पोरगी कायम सगळ्यांच्या पुढे.

मला ते कौतुक ऐकवत नाही.

हे सगळं तिने मला गेल्या आठवड्यात सांगितलं. झटके कोणी दिले, हूक कशाने तापला, मला काही कळलेलं नाही. मी आपलं तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, “चल, निदान त्याला उत्तर तरी मिळालं. सुटला तो.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असावं, तसं.

“आतून चार आले तर ते ‘अडकलोय’,” ती शांतपणे म्हणाली. “बाहेरून चार दिले तर त्याचा अर्थ ‘थांब, मी आत येतेय’. मी शब्द दिलाय त्याला.”

त्या गोदामाच्या जागी आता मोठी इमारत आहे. खाली तळघर तेच ठेवलंय, म्हणतात. काडीने परवा बदली मागून घेतली. कुठे, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. ती इमारत ज्या फायर स्टेशनच्या हद्दीत येते, तिथे.

आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.