येरगुड्याचा सर्व्हर

रुपी आत्रामला खाटेवर झोपवलं, तेव्हा खाटेनं तिच्या मनगटावरची पट्टी ओळखली आणि तिची माहिती ‘सेतू’कडून मागवली. सेकंदभरही लागला नाही. जिल्हा रुग्णालयात आता कोणी कागदांच्या पिशव्या घेऊन येत नसे. राज्यातल्या कुठल्याही दवाखान्यातली नोंद सेतूवरून समोर हजर व्हायची. पडद्यावर जे नाही ते घडलंच नसेल, असं धरून चालायची सवय त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांना लागली होती.

रक्तपेढीच्या डॉ. शबाना काझींना मात्र ती सवय लागली नव्हती. त्यांनी रुपीच्या उशाशी बसून विचारलं, “याआधी कधी रक्त चढवलं होतं?”

“लहानपणी, तीन-चारदा,” रुपी म्हणाली. ती अठ्ठावीस वर्षांची होती, सिकलसेलची रुग्ण होती आणि तिला आठवा महिना लागला होता. बोलतानाही तिला धाप लागत होती. “येरगुड्याच्या दवाखान्यात. एकदा रक्त चढवलं आणि आठ दिवसांनी डोळे पिवळे झाले. लघवी काळी झाली. गुलाबदादांनी सगळं कंप्युटरात लिहून ठेवलं होतं.”

पडद्यावर येरगुड्याचं नाव नव्हतं.

डॉक्टरांनी नेटवर्क विभागातल्या वैजयंती मेश्रामला खाली बोलावून घेतलं. वैजयंती बारा वर्षं हेच काम करत होती, पण इतक्या गंभीर चेहऱ्याच्या काझी मॅडम तिनं पाहिल्या नव्हत्या.

“हिचं हिमोग्लोबिन पावणेपाच आहे. संध्याकाळच्या आत रक्त चढवलं नाही तर बाळही जाईल आणि हीसुद्धा,” डॉक्टर म्हणाल्या. “लहानपणी हिच्या शरीरानं परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असणार. इतक्या वर्षांत ती इतकी विरळ होतात की आजच्या चाचणीत दिसत नाहीत. पण तेच रक्त पुन्हा गेलं की शरीराला जुनं वैर आठवतं. कुठल्या रक्ताशी वैर, ते फक्त त्या जुन्या नोंदीत असेल.”

वैजयंतीनं सेतूच्या तळाशी असलेली नोंदवही उघडली. सेतूशी बोलू पाहणाऱ्या, पण सेतूनं परत पाठवलेल्या यंत्रांची ती यादी होती. ती सहसा कोणी बघत नसे. त्यात येरगुडा होतं. दर सहा तासांनी, गेली अकरा वर्षं, तिथला सर्व्हर उपग्रहावरून ‘मी आहे’ म्हणत होता आणि दर वेळी सेतूचा शेरा एकच होता : भाषा जुळत नाही.

“म्हणजे बंद नाही तो?”

“चालू आहे, मॅडम. दोन यंत्रं जोडली जाताना आधी बोलणी होतात. मागणारं यंत्र म्हणतं, मला या या बोली येतात. देणारं यंत्र त्यातली आपल्याला येणारी सगळ्यात नवी बोली निवडतं. मग तू कोण, तुला काय बघायची परवानगी आहे, हे पुढचं. आपल्या यंत्रांमधून जुन्या बोली काढून टाकल्यात. येरगुड्याला त्याच तेवढ्या येतात.”

“मग तात्पुरत्या परत घाला.”

वैजयंतीनं राजधानीतल्या नियंत्रण कक्षाला विचारलं. उत्तर नकारार्थीच आलं आणि ते चूक आहे असं तिला म्हणता येईना. जुन्या बोलीत निरोपावर मोहर नसायची. वाटेत कोणी निरोप पकडून त्यातलं एक अक्षर बदललं, तरी दोन्ही टोकांना पत्ता लागत नसे. बारा वर्षांपूर्वी अशाच वाटेनं शिरून कोणीतरी हजारो रुग्णांच्या औषधांची मात्रा बदलली होती. रुपीच्या नोंदीतलं एक अक्षर बदललेलं आलं तर?

“मी तिथं जाते,” ती म्हणाली. “सर्व्हर आणि माझं यंत्र यांच्यामध्ये हातभर वायर असेल, तर मध्ये कोण शिरणार? तेवढी वायर जुनी बोली बोलेल. तिथून पुढं सगळं मोहरबंद, नव्या बोलीत येईल.”

तिच्या पिशवीत ‘दुभाषा’ होता. डब्याएवढं ते यंत्र तिनंच दोन वर्षं खपून बनवलं होतं. विस्मरणात गेलेल्या बोली त्यात साठवल्या होत्या आणि अनोळखी यंत्राच्या उत्तरांवरून अंदाज बांधत ते नवी बोली शिकूही शकायचं. प्रयोगशाळेबाहेर ते अजून एकदाही चाललं नव्हतं.

येरगुड्याला पोचायला तीन तास लागले. दवाखाना बंद होऊन जमाना झाला होता, पण ओटा सारवलेला होता आणि छपरावरच्या सौर पाट्या लख्ख होत्या. शिडीवर उभा राहून एक सत्तरीचा माणूस ओल्या फडक्यानं त्या पुसत होता. रुपीचे गुलाबदादा, म्हणजे प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले गुलाबराव टेंभुर्णे, ते हेच.

“काय करून राहिल्या मॅडम? तो सर्व्हर न्यायला आल्या असाल तर भेटणार नाही,” ते शिडीवरूनच म्हणाले.

“न्यायला नाही, काका. एक नोंद बघायला आले.”

सर्व्हर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात होता. त्याला पडदा कधी नव्हताच. ज्या लॅपटॉपांवरून तो उघडत, ते मोडीत गेले होते. बंद करून पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही, म्हणून गुलाबरावांनी तो बंद होऊच दिला नव्हता.

वैजयंतीनं वायर जोडली. दुभाष्यानं आपल्या बोलींची यादी पुढं केली. काहीच उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली. तिसऱ्या वेळी सर्व्हरनं संबंधच तोडला. तिनं घड्याळ पाहिलं : पावणेदोन. काझी मॅडमचा निरोप येऊन पडला होता, श्वास वाढलाय.

कपाटासमोर जमिनीवर बसून तिनं पाठवलेला मजकूर ओळीनं वाचून काढला आणि तिच्या लक्षात आलं. यादीत जुनी बोली होती, पण यादी ज्या पत्रात घातली होती ते पत्रच नव्या बोलीत होतं. पत्रच वाचता येत नाही तर त्याला यादी कुठून दिसणार! तिनं सगळ्यात जुन्या बोलीत नमस्कार लिहिला, यादी त्याच्यामागे ठेवली आणि पाठवलं.

हिरवा दिवा लागला. उत्तर आलं, तीन क्रमांकाची बोली चालेल. लगोलग सर्व्हरनं विचारलं, तू कोण?

“काका, परवलीचा शब्द?”

गुलाबरावांनी कपाटावर हात ठेवला. मग म्हणाले, “अकरा हजार नावं आहेत त्यात. कोणाच्या रक्तात काय आहे ते. पोरींची लग्नं मोडायची मॅडम तेव्हा, नुसत्या संशयावरून. मी घरोघर जाऊन सांगितलं, हे कुठं जाणार नाही. म्हणून लोकांनी रक्त तपासायला बोटं पुढं केली. सेतूवाले दोनदा येऊन गेले. सगळं द्या म्हणाले. मी नाही दिलं.”

एकदा दार उघडलं की सेतू सगळी माहिती ओढून घेतो, हे वैजयंतीला माहीत होतं. तो तसाच बनवला होता.

“मी फक्त रुपीची नोंद घेते,” ती म्हणाली. “बाकीच्या खणांना दुभाष्यानं हातही लावू नये, असं तुमच्यासमोर बांधून देते. आणि परवानगी तुमचीही नको. तिची घ्या.”

तिनं रुपीच्या खाटेशी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गुलाबरावांच्या हातात दिला. पडद्यावर रुपीचा चेहरा आला, नाकावर प्राणवायूचा मुखवटा. गुलाबराव तिच्याशी माडिया भाषेत बोलू लागले. वैजयंतीला एक शब्द कळत नव्हता. मध्येच रुपी हसल्यासारखी झाली, मग तिनं मान हलवली, दोनदा.

“द्या म्हणाली,” गुलाबराव डोळे पुसत म्हणाले. “माझ्या बाळाचंही नाव तुमच्याच कंप्युटरात लिहा म्हणाली.” आणि त्यांनी परवलीचा शब्द स्वतः, एकेक अक्षर शोधत, दाबला.

नोंद उघडली. रुपी आत्राम, वय सहा. चौथं रक्त चढवल्यानंतर कावीळ. प्रतिपिंड : किड-बी विरुद्ध. खाली लाल अक्षरांत, ‘पुढं कधीही रक्त देताना बघावे.’

जिल्हा रुग्णालयात डॉ. काझींनी ती ओळ वाचली आणि चढवण्यासाठी तयार ठेवलेल्या दोन्ही पिशव्या पुन्हा तपासल्या. दोन्हींतल्या रक्तपेशींवर किड-बी ही खूण होती. रुपीच्या गटाच्या अकरा पिशव्यांपैकी तीन चालण्याजोग्या निघाल्या. चार वाजता पहिली लावली. परतीच्या वाटेवर वैजयंतीला त्यांचा निरोप मिळाला : श्वास उतरतोय, बाळाचे ठोके चांगले आहेत. अठरा दिवसांनी रुपीला मुलगी झाली.

महिन्याभरानं नियंत्रण कक्षानं वैजयंतीला बोलावून घेतलं; सेतूनं परत पाठवलेली बाकीची यंत्रंही त्यांना दुभाष्याकरवी शोधायची होती. तिनं अटी मांडल्या, त्यांनी त्यांच्या मांडल्या. दुपारभर घासाघीस चालली आणि एका गोष्टीवर एकमत झालं. परत पाठवलेल्या प्रत्येक यंत्राला दुभाष्यानं त्याच्या बोलीत फक्त नमस्कार करायचा. आतलं काही मागायचं नाही. जे उत्तर देतील, त्यांच्याकडे आधी माणूस जाईल, वायर नंतर.

तिनं कळ दाबली. पडद्यावर एक दिवा लागला, मग दोन, मग घाटापलीकडून, समुद्रकाठावरून, सीमेवरच्या गावांतून लागतच राहिले. बंद शाळा, मोडलेल्या प्रयोगशाळा, विसरलेले दवाखाने. मोजणी चारशे सातवर येऊन थांबली.

नियंत्रण कक्षातले सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते. चारशे सात यंत्रं इतकी वर्षं चालू होती, म्हणजे कोणीतरी ती चालू ठेवली होती. वैजयंतीनं कागद पुढं ओढला आणि पहिल्या गावाचं नाव लिहिलं. तिथं कोण भेटेल, त्यानं कुणाला काय शब्द दिला असेल आणि दिलेला शब्द न मोडता तो तिला आत येऊ देईल का?