ओस हंगामातल्या खोल्या

सहलीला जायचं ते हंगाम संपल्यावरच, हे नणंदबाईंचं ठाम मत होतं. उभी हयात त्यांनी तिकीटखिडकीमागे काढलेली. सुट्टीला निघालेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत कशी निघतात आणि दुप्पट दमून कशी परततात, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. म्हणून बोचरा वारा सुटला आणि समुद्रकाठची हॉटेलं ओस पडली, तेव्हा त्यांनी वहिनीची पिशवी परस्पर भरली आणि तिला घेऊन निघाल्या.

खरं कारण वेगळं होतं. भाऊ गेल्यापासून वहिनी रिकाम्या खोलीत पाऊल टाकत नसे. घरी ती स्वयंपाकघरात झोपे, दिवा चालू ठेवून, भिंतीला पाठ लावून. लेक म्हणत होती, घर विक आणि माझ्याकडे ये. वहिनीला घर सोडवत नव्हतं आणि तिथे राहवतही नव्हतं. हवापालट झाला की ती सावरेल, अशी नणंदबाईंना आशा होती. हॉटेलात आपल्या दोघींखेरीज एकही पाहुणा नसेल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

लांबलचक व्हरांडा आणि बंद दारांची रांग पाहून वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही मला बरं करायला आणलंय की संपवायला?"

"अगं, राजेशाही आहे ही! हंगामात इथे खुर्चीसाठी हाणामाऱ्या होतात. आता बघ, अख्खा समुद्र आपला."

राजेशाही होतीच. चहा वाफाळता येई. आज काय करू, हे विचारायला स्वयंपाकी स्वतः टेबलापाशी येई आणि मग गप्पा मारत तिथेच बसे. वाळूवर कुठेही बसावं, कितीही वेळ बसावं, कुणी धक्का देत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहिनीने पोळीचा आणखी एक तुकडा मागून घेतला, तेव्हा नणंदबाईंना मनातून उड्या माराव्याशा वाटल्या.

हॉटेल सांभाळणाऱ्या मावशींची एक रीत होती. या दिवसांत आलेल्या पाहुण्यांना त्या रोज नवी खोली देत. "बंद खोली ओल धरते, ताई," त्या म्हणाल्या. "माणूस एक रात्र राहून गेलं की तिला जरा तरतरी येते. तुम्हाला रोज नवी खिडकी, मला कोरड्या गाद्या."

पहिल्या खोलीतलं टेबल इतकं डुगडुगत होतं की वहिनीचा चहा बशीत हिंदकळला.

"सगळ्या खोल्यांत तेच," मावशी म्हणाल्या. "फरश्या खचल्यात. कोण बसतंय दुरुस्त करत?"

"हे असते तर चहा राहू दे म्हणत आधी टेबलाखाली शिरले असते," वहिनी पुटपुटली.

भाऊ तराजू दुरुस्त करायचा. रेसभर कललेलं काही त्याला खपत नसे. कुणाच्याही घरी गेला तरी काडेपेटीचा पुठ्ठा फाडून, त्याची घडी करून तो टेबलाच्या पायाखाली सरकवायचा आणि वर पेला ठेवून पाणी हलतंय का बघत बसायचा.

दुसऱ्या खोलीतलं टेबल जराही हललं नाही. त्याच्या एका पायाखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी होती. वहिनीने ती पाहिली आणि पदर घट्ट ओढून घेतला. त्यानंतरच्या खोलीतही तेच. शिवाय तिथे पलंग भिंतीपासून ओढून खिडकीशी आणलेला होता.

"वन्सं… हा चावटपणा तुमचा?"

"माझा? माझे गुडघे बघ. खाली बसले तर चार माणसं लागतील उठवायला. मला वाटलं, तूच…"

दोघींनी एकदम टेबलाखाली पाहिलं. बाहेर समुद्र गाजत होता.

पुढच्या दिवशी उन्हं कलताना मावशी त्यांना व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे घेऊन गेल्या. कुलूप गंजलं होतं. मावशींनी त्यात तेल सोडलं, किल्ली दोन्ही हातांनी पिळली. "गेला हंगाम संपला, तेव्हापासून उघडलीच नाही ही."

दार करकरत उघडलं. आतून ओलीचा, कोंडलेल्या कपड्यांचा वास आला. आणि त्याच्या तळाशी, अगदी बारीक, पितळ घासायच्या पावडरीचा. भावाच्या बोटांना यायचा तोच.

मधोमध टेबल होतं. ते थरथरत होतं. वजन ठेवल्यावर तराजूचा काटा जसा थरथरत थरथरत जागेवर येतो, तसं. मग ते थांबलं.

नणंदबाईंनी वहिनीचा दंड धरला. "वहिनी… चल. आपण बाहेर…"

पण वहिनी आत गेली. टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि हसली, खळखळून, गेल्या कित्येक महिन्यांत हसली नव्हती तशी.

"अहो, उठा आता खालून! कमरेत उसण भरेल."

मग वळून म्हणाली, "वन्सं, आज मी इथे एकटी झोपते."

"एकटी?"

"म्हणजे तुम्ही नसाल." तिचे डोळे लुकलुकत होते. "आणि लेकीला कळवा, घर विकायचं नाही. ते काही रिकामं नाही."

दार लागलं. आतून पलंग सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनीचा: "थोडा डावीकडे… हां, पुरे."

नणंदबाई व्हरांड्यात उभ्या राहून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आता एवढंच पुरे होतं. घाबरायला सवडच कुठे होती? तेवढ्यात हातात चादरी घेतलेल्या मावशी जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"ताई, एक विचारू? तुम्ही सोडलेल्या खोल्यांतली अंथरुणं मी रोज काढते. जरा वेळाने जाते, तर पुन्हा घातलेली. उशी एकच… आणि ऊब असलेली."

"दादा असेल," नणंदबाई म्हणाल्या.

"ते तर तुमच्या आधी पुढच्या खोलीत जाऊन बसतात ना? हे तुम्ही सोडून आलेल्या, मागच्या खोल्यांतलं सांगतेय मी."

नणंदबाईंनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्या मागे यावं असं कुणी नव्हतं. निदान त्यांना ठाऊक असलेलं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सकाळीच सोडलेल्या खोलीचं दार उघडलं. पावलं वाजली… दोन, तीन… आणि बुजल्यासारखी थांबली. दिसत कुणीच नव्हतं.

नणंदबाई एक पाऊल मागे सरकल्या. तरी त्यांनी घसा साफ केला. तिकीटखिडकीमागे बसून एकाही माणसाला जे म्हणायची सोय नव्हती, ते त्या म्हणाल्या.

"या. सावकाश या… गर्दी नाहीये."

पावलं पुन्हा चालू लागली.