तिसरे पार्टिशन

ही घटना खरी आहे. मी स्वतः त्या खोलीत होतो.

भीतीच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असे मलाही वाटत होते. ही भर दुपारची आहे. गेल्या महिन्यातली, नऊ मेची. जागा म्हणजे कामशेतहून पवनेच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका टेकडीचा पायथा. आभाळात एकही ढग नव्हता. आणि वारा…

वारा अजिबात नव्हता.

माझे कामशेतला संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. माणसांशी बोलताना माझे शब्द घशातच विरघळतात. बंद पडलेल्या यंत्रासमोर मात्र मी तासन् तास बसू शकतो. त्याला माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नसते.

त्या दिवशी केरबाशेठचा फोन आला. त्यांची टेकडीवर पॅराग्लायडिंगची शाळा. पुण्या-मुंबईची माणसे येत, कापडी पंखाला बांधून घेत आणि खालच्या भातखाचरांवरून तरंगत उतरत. शाळेचा संगणक सुरू होत नव्हता.

मी पोहोचलो तेव्हा फाटकापाशी एक बाई उन्हात बसली होती.

"ओ शेठ, येवढं येकदा वाडीत येऊन सांगा," ती म्हणाली. "त्यो पेला नव्हता."

"बाया, रोज त्येच काय गं?" केरबाशेठ दारातूनच ओरडले. "पोलिसांनी लिवलंय ना? मग मी काय पोलिसांच्या वर हाय?" मग माझ्याकडे वळून हसले. "या, संगणकवाले. हिचं मनावर घिऊ नका. नवरा पिऊन उडाला, आन आता ही माझं डोकं पिते."

बाया ही शिदूची बायको.

शिदू वरच्या ठाकरवाडीचा. बारा वर्षे त्याने गिऱ्हाइकांचे पंख पाठीवरून टेकडीवर वाहिले, आणि ते करता करता तो उडायला शिकला. रोज दुपारी पहिले उड्डाण त्याचे. 'वारा बघायला' म्हणत ते. शिदू नीट उतरला, की मग गिऱ्हाईक उडायचे.

अकरा एप्रिलला तो नीट उतरला नाही.

केरबाशेठ आणि दुसरा पायलट उमेश, दोघांनी पोलिसांना सांगितले, की शिदू दारू प्यायला होता आणि कोणी न सांगताच उडाला. एवढ्यावर प्रकरण मिटले.

"माझी हिरा शाळंत जायाची बंद झाली," बाया फाटकातून मला म्हणाली. "पोरं दारुड्याची म्हणून चिडवत्यात. कुनी तरी खरं सांगा हो, भाऊ."

मी मान खाली घालून आत गेलो.

संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. पडदा काळा. त्यावर एकच तक्रार, की हवे ते पार्टिशन सापडत नाही. त्याखाली लुकलुकणारी एक पांढरी खूण.

डिस्क म्हणजे एक घर समजा आणि पार्टिशन म्हणजे त्यातल्या खोल्या. हा संगणक तिसऱ्या खोलीतून जागा होत असे. कोणीतरी ती खोलीच यादीतून काढून टाकली होती.

"शेठ, यातले काही काढले होते का?"

"जुना कचरा व्हता, काढला. तुमी फकस्त चालू करा. बुकिंगं अडकल्यात."

मी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि डिस्कची यादी पाहिली. दोन पार्टिशने, आणि शेवटी वीस जीबीची मोकळी जागा. काढलेले पार्टिशन लगेच नाहीसे होत नाही. यादीतून फक्त त्याचे नाव जाते. आतला मजकूर अंधारात तसाच पडून राहतो, कोणीतरी हाक मारील म्हणून.

मी हाक मारली. शोध घेणारा प्रोग्रॅम दहा मिनिटे डिस्क चाचपत राहिला.

मग तिसरे पार्टिशन परत आले.

त्यात वाऱ्याच्या नोंदी होत्या. टेकडीच्या माथ्यावर तीन वाट्यांचे वाऱ्याचे यंत्र असे. दर मिनिटाला वाऱ्याचा वेग इथे लिहिला जाई. वेग ताशी तीस किलोमीटरच्या वर गेला, की माथ्यावरचा भोंगा वाजे. तो बंद करण्याची कळ याच खोलीत होती, आणि ती दाबली की तेही लिहिले जाई.

मी अकरा एप्रिलचे पान उघडले.

३:३८. सत्तावीस.

३:४१. तेहेतीस. भोंगा सुरू.

३:४२. भोंगा बंद केला.

३:४६. एकेचाळीस.

पावणेचारच्या सुमारास शिदू पडला, हे साऱ्या मावळाला ठाऊक होते. भोंगा कोणी बंद केला, हे फक्त या पार्टिशनला ठाऊक होते.

मानेवर मला कोणाचा तरी श्वास जाणवला. केरबाशेठ माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"ते पुसा."

"शेठ, यात…"

"काय हाय त्यात? वारा हाय. वाऱ्याचं काय घिऊन बसलाय? साफ पुसा. परत कुनाला घावता कामा न्हाई."

खिडकीतून फाटक दिसत होते. बाया तिथेच होती. एक 'नाही' पुरला असता.

तो माझ्याने उच्चारवला नाही.

संगणक जागा करणाऱ्या फायली मी दुसऱ्या पार्टिशनमध्ये हलवल्या. तिसऱ्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शून्ये लिहिली. असे पुसलेले परत येत नाही. कधीच नाही. चार मिनिटांत शिदूची शेवटची दुपार संपली. मग मी ते पार्टिशन यादीतूनही काढले आणि संगणक पुन्हा सुरू केला.

तो निमूट जागा झाला.

"हुशार हायसा!" केरबाशेठनी माझी पाठ थोपटली.

काम संपल्यावर यादी एकदा पाहण्याची मला सवय आहे.

यादीत पार्टिशने होती… तीन.

तेवढ्यात कपाटावरून आवाज आला. फर्र… थांबला. पुन्हा फर्र…

अपघातानंतर माथ्यावरून उतरवलेले वाऱ्याचे यंत्र तिथे पडले होते. तार गुंडाळलेली, कशालाच न जोडलेली. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता.

यंत्राच्या तिन्ही वाट्या हलकेच फिरत होत्या.

मी तिसरे पार्टिशन उघडले. आत एकच फाइल, आजच्या तारखेची.

३:२२. बारा.

पाहता पाहता खाली दुसरी ओळ उमटली.

३:२३. पंधरा.

"मला भ्या दावतो व्हय रं?" केरबाशेठचा आवाज चढला. "त्या बाईनं शिकवलं का तुला?"

"मी काही केलेले नाही, शेठ. यंत्र जोडलेलेच नाही."

त्यांनी खिडकी ताडकन उघडली. बाहेर आंब्याचे पान हलत नव्हते. धूळसुद्धा जागच्या जागी बसून होती. "बघ! हाय कुटं वारा? वर दोन गिऱ्हाइकं येऊन बसल्यात, आन त्यो उमेश महिनाभर उडायला न्हाई म्हनतोय. मीच जातो आज वारा बघायला."

जीप टेकडीचा रस्ता चढून गेली. खोलीत मी उरलो आणि ती फरफर.

३:३३. बावीस.

३:३८. सत्तावीस.

मला पुढचे आकडे पाठ होते…

३:४१. तेहेतीस. भोंगा सुरू.

आणि माथ्यावर भोंगा वाजला. त्या निश्चल दुपारी तो आवाज खोऱ्यावर पसरत गेला. फाटकापाशी बाया उठून उभी राहिली.

माझा फोन वाजला.

"आरं, हितं पान हालंना आन ह्यो भोंगा बोंबलतोय! बंद कर त्ये!"

"शेठ…"

"बंद कर म्हनतो ना! पट्टं बांधून हुबा हाय मी!"

'शेठ, उडू नका.' तीनच शब्द होते. मी भिडस्त आहे, ऐन वेळी मला शब्द सुचत नाहीत, असे मी नंतर स्वतःला अनेकदा समजावले. पण त्या क्षणी मला शब्द सुचले होते. जिभेवर आले होते. मी बायाकडे पाहिले आणि ते गिळून टाकले.

माझे बोट कळेवर गेले. ते कापत नव्हते.

३:४२. भोंगा बंद केला.

पुढचे मी खिडकीतून पाहिले. लाल पंख माथ्यावरून सुटला आणि स्थिर हवेत सरळ पुढे आला. मग त्याची डावी बाजू मिटली. एकाएकी, कोणीतरी मुठीत धरून पिळावी तशी. पंख गरगरला. आवाज पोहोचायला थोडा वेळ लागला.

पडद्यावर ओळ उमटली होती. ३:४६. एकेचाळीस.

कपाटावरच्या वाट्या थांबल्या.

ज्या कातळावर शिदू पडला होता, त्याच कातळावर केरबाशेठ सापडले. उमेशने आणि गिऱ्हाइकांनी जबाबात एकच सांगितले, की वारा नव्हता. गवताची काडी हलत नव्हती.

त्या गोंधळात मी ती डिस्क काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. त्यांच्या संगणकाला जोडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्ये. एक पार्टिशन नाही, एक अक्षर नाही.

"दादा, दाखवायचंय काय नेमकं?" हवालदारांनी सौम्यपणे विचारले.

मी डिस्क उचलून पुन्हा खिशात घातली. दुकानात येऊन डिस्क पुन्हा जोडली.

तीन पार्टिशने. तिसऱ्यात दोन्ही दुपारी, ओळीओळीने शाबूत.

मग मी वाडीवर गेलो आणि बायाला पाहिलेले सगळे सांगितले. अडखळत, पण सांगितले. मला वाटले होते, तिला कुठेतरी बरे वाटेल.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. सूप थांबले.

"शेठ मेला, त्याचं मी काय करू?" ती म्हणाली. "त्याच्या त्वांडून मला खरं वदवून घ्यायचं व्हतं. चार मानसांत. आता मेलेल्याकडनं काय वदवू? पंधरा जूनला शाळा भरंल. माझी हिरा तशीच घरात बसंल."

"मी…"

"तुमी काय, भाऊ? तुमी त्या दिवशीबी मान खाली घालून आत गेलता."

परतताना कार्ल्याच्या डोंगरामागे सूर्य बुडत होता. इतके सुंदर आभाळ मला तेव्हा सोसले नाही.

आता आजचे.

आज दुपारी दुकानात बसलो होतो. डिस्क जोडलेली होती. ती काढून ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

३:२२ला नवी नोंद सुरू झाली… आजच्या तारखेची.

बारा. पंधरा. अठरा.

या वेळी मी फोन उचलला. उमेशला लावला.

"कुठे आहेस?"

"घरात. का वो, दादा?"

"वारा आहे का तिथे?"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. नंतर तो हळूच म्हणाला, "भाईर पान हालंना. पन… मघाधरनं घरातली भांडी वाजाय लागल्यात. तुमाला कसं कळलं?"

मला कसे कळले ते मी त्याला सांगितले. तो रडू लागला.

"शेठ म्हनला, तसं बोल, न्हाईतर वाडीतल्या कुनाला काम न्हाई मिळायचं. शिदू पेला नव्हता, दादा. पट्टं म्याच बांधलं त्याचं. त्वांडाला वास नव्हता. भोंगा वाजला तवा त्यो म्हनला, आज नगं. मंग भोंगा थांबला, आन शेठचा फोन आला, सोड त्याला. म्या सोडला…"

"हे वाडीत सांगशील? ठाण्यात सांगशील?"

"सांगतो. उद्याच सांगतो. आईची आन."

मी पडद्याकडे पाहिले. अडतीस. पुढच्या मिनिटालाही अडतीस. त्याच्या पुढच्यालाही.

"भांडी थांबली का?"

"थांबली," उमेश म्हणाला. 

मग एकोणचाळीस झाले.

या वेळी भांडी उमेशच्या घरात वाजली नाहीत. माझ्या दुकानातले कागद टेबलावरून उडाले. शटर बंद होते.

"काय झालं, दादा?" उमेश विचारत होता. "म्या तर बोललो की सगळं! आता अजून कोन ऱ्हायलं?"

उरलो होतो तो मीच. फोन ठेवला आणि हे लिहायला घेतले. चारचौघांत बोलणे मला जमत नाही, लिहिणे जमते. म्हणून आधी इथे, आणि उद्या उमेशबरोबर ठाण्यात.

शिदू प्यायला नव्हता. त्याला पाठवले होते. त्याच्यासाठी वाजणारा भोंगा केरबाशेठनी बंद केला. त्याची नोंद मी माझ्या हाताने पुसली. नऊ मेला तोच भोंगा मी बंद केला, त्याचा अर्थ पुरता ठाऊक असताना. ते मी शेठनी सांगितले म्हणून केले, की मला हवे होते म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. मी ठरवले आहे.

माझे नाव अमृत भिकाजी वाळुंज. कामशेत स्टेशनसमोर माझे दुकान आहे.

हे लिहून होईपर्यंत पाच वाजून गेले आहेत. पण पडद्यावरची शेवटची नोंद अजून ३:४५चीच आहे.

चाळीस.

पुढची ओळ… अजून उमटलेली नाही.