पाण्याला न शिवलेलं विमान

जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी रेनो घरून निघाला तो रोजच्यासारखाच. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा, खिशात कागदात गुंडाळलेला वेलदोड्याचा पाव. तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, घाई त्याच्या स्वभावातच नव्हती.

तळ्याकाठच्या गवती धावपट्टीवर त्याचं विमान उभं होतं. सात हिवाळे शेडमध्ये खपून, घरच्या घरी बांधलेलं. पोटाखाली पत्र्याची दोन लांबट होडगी, आणि होडग्यांतून खाली सोडता येणारी, पुन्हा आत ओढता येणारी चार चाकं. जमिनीवर उतरायचं तर चाकं खाली, पाण्यावर उतरायचं तर वर. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलं, की विमान नाकावर आपटून उलटं होतं आणि आतला माणूस पट्ट्यांत अडकून, डोकं खाली, तसाच बुडतो. उत्तरेकडच्या त्या तळ्यांच्या मुलुखात हे कुणाला सांगावं लागत नाही.

त्याचं विमान म्हणायचं ते आता. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ते दोघांचं होतं, रेनोचं आणि फर्नांदचं. होडगी गळतात का ते बघायला, विमानाला जोडण्याआधी, ती नुसतीच तळ्याच्या मध्यावर नेली होती, आणि तिथे फर्नांद बुडाला. तो एकटाच गेला होता, मी शेडमध्ये होतो, असं रेनोने पोलिसांना सांगितलं. गावाने ते मान्य केलं. फर्नांदच्या बायकोने केलं नाही.

ती, ओडील, आज धावपट्टीच्या कडेला उभी होती. अंगात नवऱ्याचा जाड कोट.

"उडवणार तर."

"एक चक्कर मारतो. मग तळ्यावर उतरवून बघतो."

"निम्मं त्याने बांधलंय."

"माहीत आहे, ओडील."

"तुला पुष्कळ माहीत आहे. बोलत नाहीस, एवढंच."

रेनो आत चढला. पट्टे आवळले, कानांवर हेडफोन चढवले. गवतावरून विमान असं हलकं उठलं, की क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सात हिवाळे.

तळं आरशासारखं पडलं होतं. वाऱ्याची झुळूक नाही, लाट नाही. पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. रेनोने चाकांचा दांडा वर केला. चार निळे दिवे लागले. निळे म्हणजे चाकं वर, हिरवे म्हणजे खाली. तो हळूहळू खाली येऊ लागला.

"चाकं वर आहेत. पाण्यावर उतर."

त्याची मानच आखडली. तो फर्नांदचा आवाज होता, तसाच नाकातला. विमान खाली आलं की बोलणारी एक डबी फर्नांदने स्वतःच्या आवाजात भरून इथे बसवली होती खरी. पण दफन झालं त्याच आठवड्यात रेनोने ती उचकटून ओडीलला नेऊन दिली होती. तिच्या जागी आता नुसती चार भोकं होती.

पंखाखाली तळहाताएवढा आरसा लावलेला असतो, चाकं दिसावीत म्हणून. रेनोने त्यात बघितलं. चारही चाकं खाली लोंबत होती.

त्याने विमान वर खेचलं. पाणी अगदी हातभर राहिलं होतं.

वर जाऊन त्याने दांडा दोनदा खाली-वर केला. निळे दिवे. पुन्हा वळसा, पुन्हा खाली. केबिनमध्ये गाळाचा वास सुटला होता, थंडगार, कुजक्या पानांचा.

"चाकं वर आहेत, म्हाताऱ्या... उतर की..."

हे डबीत कधीच भरलेलं नव्हतं.

आरशात चाकं खालीच होती. त्यांवरून पाणी निथळत होतं. अजून एकदाही पाण्याला न टेकलेल्या विमानाच्या चाकांवरून.

रेनोने विमानाचं तोंड धावपट्टीकडे फिरवलं. गवतावर चाकं वर राहिली तरी फार तर होडगी खरवडतील, माणूस मरत नाही. एवढा विचार त्याला करता आला. दांडा खाली केला, दिवे हिरवे झाले. कानांत आता कुणीतरी श्वास घेत होतं, घुसमटत, मधेच गिळत. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. श्वास कमी झाला नाही.

"मी बोट घेऊन गेलो," रेनो म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्याने. "भांडण झालं, आणि तुला होडग्यांवर ठेवून गेलो. जरा गारठलास की डोकं ठिकाणावर येईल म्हणून. अर्ध्या तासात येणार होतो."

त्याने धावपट्टीच्या रोखाने इंजिन मंद केलं.

"दोन तास," मागच्या सीटवरून आवाज आला.

रेनोने मागे पाहिलं नाही. कुंपण ओलांडताना आरशात बघितलं, तर चारही चाकं आत गेलेली होती. विमान पोटावर टेकलं, पत्रा किंचाळला, गवत उडालं, आणि ते तिरपं होऊन थांबलं.

तो उतरला तेव्हा ओडील समोर होती. त्याने आधी तिला सगळं सांगितलं. बोट, भांडण, दोन तास. पोलिसांना सांगितलेलं खोटं. ती रडली नाही, त्याच्या अंगावरही धावली नाही. फक्त म्हणाली, "उद्या हेच पोलिसांसमोर सांगायचं."

"सांगतो."

"हे पाणी कसलं?"

डाव्या होडग्याच्या जोडातून थेंब गळत होते. होडग्यात बंद कप्पे असतात, वर झाकणं असतात. रेनोने मधल्या कप्प्याचं झाकण काढलं आणि हातपंपाची नळी आत सोडली. दांडा ओढला. तपकिरी पाण्याची धार आली आणि तो चरकला. ते तळं भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. हे पाणी कोमट होतं. अंगाच्या उबेचं.

कप्प्यात पाणी मावेल ते जेमतेम दोन बादल्या. रेनोने शंभर वेळा दांडा ओढला, दोनशे वेळा ओढला. पायांखाली चिखल झाला, पाणी आटलं नाही. ओडील गुडघ्यांवर बसली आणि तिने धारेखाली हात धरला. धरला तो काढलाच नाही.

"थांबू नकोस," ती म्हणाली.

शेवटी रेनोच्या खांद्यांतला जोर संपला आणि त्याने मूठ सोडली.

दांडा सावकाश खाली गेला, आणि सावकाश वर आला.